माशाचं धृपद

शेवंतीच्या वाफ्याला पाणी का पोचत नाही, हे पाहायला देवमनने सकाळीच ठिबकचा फिल्टर उघडला आणि जाळीवर बोटाच्या पेराएवढे चार-पाच मासे तडफडताना पाहून तो जागच्या जागी थिजला. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला नुकताच लावलेला बुक्का आणि तळहातावर मासोळी. पण तडफडतं ते तडफडतं. तो तसाच अनवाणी हौदाकडे पळाला, दोन्ही हातांनी त्या जिवांना पाण्यात सोडलं, शेपूट हलवत ते खाली गेल्याची खात्री केली आणि मगच ओरडला.

"माधवी! तुह्या पोरीले पाठव इकडं!"

बारावीचा निकाल लागला तेव्हा पौर्णिमा 'आपली पौर्णी' होती. गेल्या आठवड्यापासून ती 'तुही पोरगी' झाली होती.

माधवी फुलांच्या शेडमध्ये हार ओवत बसली होती. सुईवरचा झेंडू पुढे सरकवत ती लेकीला म्हणाली, "जाय. अन् उलट बोलू नोको. पुण्यतिथी आहे आज."

"मी कुठी उलट बोलते आई? मी तं सरळच बोलते."

"थेच तं."

हौदाच्या कठड्याशी देवमन कमरेवर हात ठेवून उभा होता.

"हे काय व्हय?"

"गप्पी आहेत बाबा. आरोग्य खात्याच्या ताईनं देल्ले होते, डासाच्या अळ्या खातात म्हणून. तुमीच तं म्हटलं होतं, टाक हौदात."

"म्या अळ्या खायाले टाक म्हटलं होतं. गोतावळा वाढव म्हटलं नव्हतं."

"त्यायले कोन सांगन? पाइपाच्या तोंडाले जाळी लावा लागन बाबा. मी मागंच म्हटलं होतं."

"तू आजकाल लय काही म्हणतं," देवमन म्हणाला, आणि तोंड फिरवून मांडवाकडे चालू लागला.

मळ्यावर आज सगळं घर जमलं होतं. अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाताना डाव्या हाताला हा फुलांचा मळा. देवमनच्या आजोबांनी, नत्थुजींनी, तो वसवला, आणि त्याच्यासोबत घराला तीन गोष्टी लावून दिल्या: झेंडू, माळ आणि कीर्तन. त्यांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, पण श्रावणातल्या त्यांच्या तिथीला मांडव पडला नाही असं कधी झालं नाही. अशा माळकरी घरात, जिथे कोणी अंड्याचं टरफलही हाती धरलं नव्हतं, तिथल्या मुलीला रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात जागा मिळाली होती. होकार उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. नाही कळवला तर जागा दुसऱ्याची. आणि देवमनने आठ दिवसांत 'हो'ही म्हटलं नव्हतं, 'नाही'ही म्हटलं नव्हतं. तो फक्त फिल्टर साफ करत होता.

*

शेडमध्ये शेवंतीचा ढीग मध्ये आणि माणसं भोवती, अशी बैठक बसली होती. भावना आत्या अकोल्याहून सकाळच्याच गाडीने आली होती. बॅग ठेवून, तोंडावर पाणी मारून तिने लगेच सुई हाती घेतली, कारण तिला जे बोलायचं होतं ते हात रिकामे ठेवून बोलता येण्यासारखं नव्हतं.

"पौर्णी, मी काय म्हनते, अकोल्याले काय कमी आहे? कृषी विद्यापीठ आमच्या घरून हाकेवर. वरची खोली मोकळीच आहे. दोघं पोट्टे पुण्याले गेले तवापासून तिथं निसता पंखा फिरते. आमच्या घरचे, तुहे मामाजी, तं म्हनतात, बंद करून टाक थो. मी चालूच ठेवते."

"आत्या, तिथं शेती शिकवतात. शेती तं घरीच आहे."

"मासेच पायजे असन तं नागपूरले बी आहे कॉलेज," शेखरकाका दोरा दाताने तोडत म्हणाला. देवमनचा हा धाकटा भाऊ अमरावतीत फुलांचं दुकान चालवायचा. "सकाळी बसलं का दुपारी वापस."

"नागपूरले समुद्र आहे का काका?"

"तलाव आहेत ना मोठे मोठे."

"काका, तुमी मागच्या हप्त्यात म्हनत होते, जाय पोरी, बिनधास्त जाय. मी भाऊले समजावतो."

शेखर जरा चुळबुळला. मागच्या आठवड्यात तो खरंच तिच्या बाजूने होता. पण मग त्याच्या ध्यानात आलं की दुकानाच्या मोबाइलवर लग्नाच्या ऑर्डरी घेणारी, नवरदेवाच्या गाडीचे फोटो पाठवणारी, उधारीवाल्याला गोड बोलणारी पौर्णिमाच होती. "म्हटलं होतं," तो म्हणाला, "पन इचार केल्ला नव्हता."

कोपऱ्यात मांडी ठोकून बसलेल्या पार्बताबाईंनी, देवमनच्या आईने, इतका वेळ मान वर केली नव्हती. आता त्यांनी चष्म्यावरून नातीकडे पाहिलं.

"मले एक सांग वं. हे मासे शिकून करतात काय?"

"पाळतात आजी. वाढवतात."

"बरं. मंग?"

"मंग विकतात."

"बरं. घेनारा काय करते?"

पौर्णिमाने हातातलं फूल उलटंपालटं करून पाहिलं. तिला खोटं बोलता येत नव्हतं, आणि आजच्या दिवशी तर मुळीच नाही.

"खाते."

सगळ्यांच्या सुया थांबल्या. बाहेर मांडवाच्या कनातीची दोरी ओढल्याचा आवाज तेवढा आला.

"पांडुरंग, पांडुरंग," पार्बताबाई म्हणाल्या. मग त्यांनी पुढचं फूल उचललं. "पन ही तं नाई ना खात? आपन झेंडू इकतो. थो देवावर जाते का मुडद्यावर, पाहाले जातो काय आपन?"

"आई, तू कोनाच्या बाजूनं आहे?" शेखर वैतागला.

"मी हाराच्या बाजूनं आहो. तू सुई चालव."

माधवीला हसू आलं. ते कोणाला दिसू नये म्हणून तिने हार डोळ्यांसमोर धरून लांबी पाहिल्यासारखं केलं. आठ दिवसांत तिला कोणी काही विचारलं नव्हतं. तिवशाहून लग्न होऊन ती या मळ्यात आली, तेव्हाही तिला कोणी विचारलं नव्हतं. इथे तिला सुख कमी नव्हतं. पण पहिली दोन वर्षं नागपूरकडे जाणारी एसटी दिसली की तिचा हात आपोआप वर जायला बघायचा. या एसटीला तिवशाचा थांबा आहे, एवढंच तिला आठवायचं. कशाकडे तरी हात वर होणं म्हणजे काय, हे तिला माहीत होतं. लेकीचा हात कधीचा वर झालेला तिने पाहिला होता.

*

नत्थुजींची एक रीत होती. घरात गाठ पडली की ती भांडून सोडवायची नाही. पुण्यतिथीच्या कीर्तनात बुवा एक आख्यान लावतील. कोणाचं नाव घेणार नाहीत, कोणाकडे बोट दाखवणार नाहीत. ज्याला लागायचं त्याला लागेल. आणि ज्याच्या हातात गोष्ट असेल त्याने काल्याचा प्रसाद घेण्याआधी आपला निर्णय सांगायचा. शेखरचं वेगळं दुकान असंच निघालं, भावनाचं अकोल्याचं लग्न असंच ठरलं. अट एकच: आख्यान कोणतं लावायचं, हे बुवांना कोणीही सुचवायचं नाही.

भगवंतबुवा म्हणजे नत्थुजींचे धाकटे चिरंजीव, देवमनचे काका. ते अंजनगाव सुर्जीला राहायचे. दुपारी जेवण करून ते निंबाखाली खाटेवर पाठ टेकतात न टेकतात तोच भावना पायाशी येऊन बसली.

"बुवा, मी काही सुचवत नाई हां," ती म्हणाली. "पन मधल्या वाटेचं काही असन ना पुराणात? घर बी नाई अन् लय दूर बी नाई?"

"अकोल्यासारखं?"

"तसंच काही."

ती गेली आणि शेखर आला. तोही काही सुचवत नव्हता. त्याचं फक्त एवढंच म्हणणं होतं, की ज्या भक्ताने दुकानदारी करता करता देव मिळवला, त्याचं चरित्र अलीकडे फार दिवसांत झालं नाही. बुवांनी हुंकार दिला आणि डोळे मिटले. सगळ्यात शेवटी देवमन आला. तो बसलाच नाही. निंबाच्या खोडाला हात लावून उभा राहिला.

"काका, श्रावणबाळ लावा."

बुवांनी डोळे उघडले. "रीत मोडून राहिला तू."

"मोडून राहिलो. लावा पन."

"श्रावणबाळ घरी कुठी बसला होता रे? थो तं मायबापाले कावडीत घालून गावोगाव हिंडला. चालन तुले?"

"बरं, ध्रुव?"

"पाच वर्षाचा होता. बापाच्या मांडीवरून उतरवला तं रानात निंघून गेला."

"प्रल्हाद?"

"त्यानं बापाचं ऐकलं असतं तं आख्यानच झालं नसतं."

"नचिकेत?"

"थो तं यमाच्या दारात जाऊन बसला. रत्नागिरी जवळ आहे त्याच्यापेक्षा." बुवा उठून बसले. त्यांच्या पांढऱ्या मिशीत हसू अडकलं होतं. "देवमन, चाळीस वर्सं झाली मले या गादीवर उभं राहून. मायबापाच्या नजरेपुढं घरी बसून रायलेलं लेकरू अन् त्याचं आख्यान झालं, असं मले तं एक आठवत नाई. देवाचं घर बी बहुतेक बाहेरच्या रस्त्यावर असन."

देवमनने खोडाची साल नखाने खरवडली. मग एकदम त्याचा चेहरा उजळला.

"मंग मत्स्यावतार लावा. मासा म्हनजे कोन, हे तिले कळू द्या. साक्षात नारायण! त्याले कोनी जाळ्यात धरते काय? सुरी लावते काय? ऐकून तिचंच मन फिरन. हेच लावा काका."

बुवांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"नक्की हेच?"

"हेच."

"धृपद तुलेच धरा लागन."

"माह्याशिवाय कोन धरते?"

ते खरंच होतं. बुवा ओळ टाकत आणि मागे टाळ घेऊन उभा असलेला देवमन ती उचलून पुन्हा पुन्हा घोळवत असे. बुवा कुठेही भटकून आले तरी त्यांना ती ओळ उभी सापडली पाहिजे, हे त्याचं काम. आख्यान संपेपर्यंत धृपद खाली पडू द्यायचं नाही. हा त्याचा आजवरचा शब्द होता, आणि तो त्याने वडील गेले त्या वर्षीही पाळला होता.

देवमन हलक्या पावलांनी गेला. थोड्या वेळाने पौर्णिमा चहा घेऊन आली, आणि कप देऊन तशीच वळली.

"तुले नाई काही सुचवाचं?"

"रीत आहे ना आबाजी, सुचवाचं नसते."

"सगळे येऊन गेले."

"जाऊ द्या. मी नाई सांगत."

बुवांनी बशीत चहा ओतला. तीन वर्षांपासून ही पोरगी त्यांच्या कीर्तनात पेटी वाजवत होती. त्यांचा गळा कुठे वळणार, हे गळ्याच्या आधी तिच्या बोटांना कळत असे. आता आवाज पूर्वीसारखा टिकत नव्हता. वरचा स्वर निसटला तर ती पेटीने तो अलगद झेलून घेई, आणि मांडवात कोणाला कळत नसे. ती गेल्यावर तो कोण झेलणार, हा विचार त्यांनी अंजनगावाहून निघताना एसटीतच खाली ठेवला होता. पण तो पुन्हा मांडीवर येऊन बसला होता.

"काय आहे वं त्या समुद्रात?"

"मले काय ठावं? पाह्यला कुठी आहे म्या?"

"न पाह्यलेल्यासाठी एवढं?"

"तुमी तरी पांडुरंगाले कुठी पाह्यलं आबाजी?"

बुवा इतके हसले की बशीतला चहा हिंदकळला. पौर्णिमा मात्र हसली नाही. ती खाटेच्या कडेवर टेकली.

"संध्याकाळी मुंबईची गाडी जाते ना, तवा मी आत जाऊन बसते. शिट्टी आली का माहं काहीतरी तिकडं राहून गेलं असं वाटते. अन् मी तं तिकडं गेलीच नाई कधी. असं होते काय आबाजी? न गेलेल्या जागेची आठवण येते काय?"

अख्खा जन्म बुवांनी याच एका प्रश्नावर गाऊन काढला होता.

"पेटी काढून ठेव," ते म्हणाले. "काळी दोनची पट्टी लावजो. आज वर जायाचं आहे."

*

चारच्या सुमारास मांडव भरला. शेजारच्या मळ्यांतली माणसं आली, बडनेऱ्याहून रेल्वेतली भजनी मंडळी आली. बुवांनी नमन केलं, गळ्यात शेवंतीचा हार आला, पूर्वरंग झाला. देवमन मनातून खूश होता. तो टाळ घेऊन बुवांच्या उजव्या हाताला उभा होता, आणि समोर खाली, पेटीवर, त्याची लेक.

"तर राजा नदीवर अर्घ्य देत होता," बुवांनी आख्यानाला हात घातला. "ओंजळीत पाणी घेतलं अन् पाण्यात आली एक मासोळी. एवढीशी. राजा तिले सोडाले गेला, तं मासोळी बोलली. राजा, मले इथं मोठे मासे खातीन. मले घरी ने. राजा दयाळू. त्यानं तिले कमंडलूत ठेवलं. घरी नेलं. सांभाळलं. पोटच्या पोरीसारखं सांभाळलं!"

मांडवातून 'विठ्ठल विठ्ठल' झालं. देवमनने मान डोलावली. बरोबर चाललं होतं.

"एक रात्र गेली. सकाळी राजा पाह्यते तं काय? मासोळीचं अंग कमंडलूले लागून राह्यलं! तिले वळता येईना, शेपूट हलवता येईना. अन् मासोळी काय म्हनते..."

बुवांनी कानावर हात ठेवला आणि ओळ टाकली:

"जागा पुरेना गा राजा, मज जागा पुरेना."

देवमनने ओळ उचलली. इतक्या वर्षांच्या सवयीने, पूर्ण गळ्याने. जागा पुरेना गा राजा, मज जागा पुरेना. दुसऱ्यांदा म्हणताना त्याच्या टाळाचा ठेका किंचित हलला. तिसऱ्यांदा म्हणताना त्याला कळलं, की आपण काय मागून बसलो.

मत्स्यावतार म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे यायचं ते भलंमोठं शिंग, सगळी पृथ्वी बुडवणारं पाणी आणि देवाचं तेज. कमंडलूची गोष्ट तो विसरूनच गेला होता. त्याने बुवांकडे पाहिलं. बुवा त्याच्याकडे पाहत नव्हते.

"राजानं तिले रांजणात टाकलं. राजा म्हने, घे, आता राह्य सुखानं. दुसऱ्या दिवशी..."

जागा पुरेना गा राजा.

"राजानं विहिरीत सोडलं. विहीर घरचीच होती. राजा रोज काठावर जाऊन पाहे. मासोळी दिसे, बोले. राजाले वाटे, आता झालं. पन मासोळी वाढून राह्यली होती, तिचा काय इलाज? तिचा काही गुन्हा होता काय, वाढली म्हनून?"

बायकांच्या बाजूला भावना आत्याने पदर डोळ्यांना लावला. तिला अकोल्यातल्या वरच्या खोलीतला पंखा आठवला, आणि आपण एका मासोळीसाठी एक रांजण घेऊन आलो होतो, हेही कळलं. तिने शेजारी बसलेल्या माधवीचा हात धरला. माधवीने तो सोडवून घेतला नाही.

"विहिरीतून तळ्यात. तळ्यातून नदीत. एकेक जागा राजा मोठी करत गेला, अन् एकेक जागा लहान होत गेली. धर, देवमन!"

देवमन धरत होता. तो बापाच्या गळ्याने लेकीची ओळ म्हणत होता. ती आठ दिवस हेच सांगत होती, आणि त्याने फिल्टरची जाळी घासण्यापलीकडे काही ऐकलं नव्हतं. आणि आता शंभर माणसांपुढे तो स्वतःच ते सांगत होता, पुन्हा पुन्हा, वरच्या पट्टीत, आणि त्याला थांबायची मुभा नव्हती.

"शेवटी राजा तिले घेऊन समुद्राच्या काठावर उभा राह्यला," बुवांचा आवाज खाली आला. "समोर पानीच पानी. राजाच्या हातात मासोळी. अन् राजाचे हात सुटेनात."

त्यांनी देवमनकडे वळून हात केला. ओळ मागितली.

ओळ आली नाही.

पौर्णिमाने वर पाहिलं. बाबांचे ओठ उघडले होते आणि टाळ छातीशी थांबले होते. नत्थुजींच्या मांडवात धृपद कधी पडलं नव्हतं. पेटी थांबवावी, उठावं आणि म्हणावं, नको बाबा, राहू द्या, मी नाही जात. इतकं सोपं होतं ते. जन्मभर ज्या गाडीच्या शिट्टीने तिला न पाहिलेल्या जागेची आठवण येत होती, तीच आठवण आता उलट्या बाजूने आली. या मांडवाची, या शेवंतीच्या वासाची, त्या थांबलेल्या टाळांची.

तिने भाता सोडला नाही. तिने काळी दोनचा स्वर नुसता धरून ठेवला. बाबांना परत यायला जागा राहावी म्हणून.

आणि देवमन बोलला. गायला नाही, बोलला. कीर्तन चालू असताना मधेच बोलणं, आणि तेही टाळकऱ्याने, हे त्या मांडवात कोणी ऐकलं नव्हतं.

"बुवा, मंग थे मासोळी वापस येते काय?"

बुवांनी चिपळ्या खाली घेतल्या. "येते ना. प्रलय आला तवा आली. राजाची नाव शिंगाले बांधली अन् ओढून नेलं त्याले पल्याड."

"प्रलयच या लागते काय?" देवमनचा आवाज फाटला होता. "दिवाळीले नाई येत?"

कोणीतरी हसलं, आणि मग सगळा मांडवच हसला. रेल्वेतले, मळ्यातले, डोळे पुसणाऱ्या बायका, सगळे. पार्बताबाई तर टाळ्याच पिटू लागल्या. त्या हसण्याच्या मधून, पेटीच्या मागून, पौर्णिमा म्हणाली, "येते बाबा. दिवाळीले येते. उन्हाळ्यात बी येते."

"मंग सोडली," देवमन म्हणाला. बुवांना म्हणाला, की लेकीला, की समोरच्या अदृश्य पाण्याला, ते त्याचं त्यालाच ठाऊक. आणि ती पडलेली ओळ उचलून तो इतक्या वर गेला की बुवांना पट्टी गाठताना दम लागला. पौर्णिमाने बुवांचा निसटलेला स्वर पेटीवर झेलला. नेहमीसारखाच, कोणाला न कळता.

*

काला वाटून झाला. शेखरने जाहीर केलं की दुकानाच्या मोबाइलवर तो स्वतः बोलायला शिकेल, मग गिऱ्हाईक राहो की जावो. पार्बताबाईंनी विचारलं, पोरीला सोडायला कोण जाणार, आणि कोणी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर दिलं, "मी जाईन. मले बी पाह्यचा आहे थो समुद्र. मी काय हिच्यासारखी रोज सांगत फिरत नाई." माधवीने लेकीच्या हातात मोबाइल दिला आणि म्हणाली, "कळव आताच. उद्याची वाट काहून पाहतं?" एवढंच. पण पौर्णिमाने होकार कळवेपर्यंत ती खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

उन्हं कलली तेव्हा पौर्णिमाला हौदाजवळ बाबा दिसले. धोतर गुडघ्यावर खोचून ते पाइपाच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधत होते.

"धर इकडून. सैल राह्यलं का पुन्हा आत येतीन."

तिने दोरा धरला. देवमनने गाठ मारली, ओढून पाहिली. पाण्यात गप्पींची रेघ इकडून तिकडे सरकली.

"यायले खायाले काय देऊ?"

"तुमी देणार?"

"मंग काय उपाशी ठेवू? तुहे आहेत ना."

"अळ्या खातातच थे. हिवाळ्यात अळ्या कमी झाल्या का चिमूटभर पीठ टाकजा. जास्त नाई."

"रोज?"

"एक दिवसाआड."

देवमनने मान हलवली. लांबून, बडनेऱ्याच्या बाजूने, शिट्टी आली. संध्याकाळची मुंबईची गाडी. पौर्णिमा आत गेली नाही. तिथेच कठड्याला टेकून उभी राहिली, आणि शिट्टी मळ्यावरून, मांडवावरून, शेवंतीवरून निघून गेली.

"फोटो नोको पाठवू समुद्राचा," देवमन मग म्हणाला. "फोटो तं टीव्हीत बी दिसते. मले आवाज पाठवजो."

"आवाज?"

"हाव. दिवसरात गाते म्हनतात ना थो." त्याने ओले हात धोतराला पुसले. "पाहू तं खरं, कोन्या पट्टीत गाते."